तारेने बांधलेली खिडकी

मित्रांनो, माझ्याजवळ खुशाल या, पण माझ्या पोटात वाकून बघू नका. आत काही नाही. तरीही भरतीचं पाणी चढायला लागलं की माझ्या पोटात खुळखुळ वाजतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आत कोणीतरी आहे. मी खेकडे धरायचा जुना पिंजरा आहे. वरळीच्या कोळीवाड्यात, शिवाच्या ओटीवरच्या खुंटीला मी टांगलेला असतो. गंजाने माझी पार चाळण झाली आहे. भंगारवालासुद्धा मला बघून नाक मुरडतो. पण शिवा मला विकत नाही आणि फेकूनही देत नाही. का, ते ऐका.

माझं खानदान काही मोठं नाही. माझा आजा म्हणजे उंदराचा पिंजरा. हसू नका, खरंच सांगतो. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत कोंडीराम नावाचा गिरणीकामगार राहायचा. पाळी सुटली की तो जिन्याखाली बसून उंदरांचे पिंजरे करायचा. हात रिकामे राहिले तर त्याला जेवण गोड लागत नसे. चाळीच्या तोंडाशी शिवाची बायको अंबिका टोपली घेऊन बसायची. टोपलीत चिंबोऱ्या असायच्या. खेकड्यांना आमच्या कोळीवाड्यात चिंबोऱ्याच म्हणतात. अंबिका आवाजाने खणखणीत आणि व्यवहाराला पक्की. एके दिवशी ती कोंडीरामच्या पिंजऱ्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "कोंडीरामदादा, यात चिंबोरी धरता येल काय?"

तिच्या विचारण्यामागे दुखणं होतं. शिवा पूर्वी मोठ्या होडीवर खोल समुद्रात जायचा. एका वादळात डोलकाठी त्याच्या पायावर पडली आणि पाय जन्माचा अधू झाला. होडी सुटली. घरामागची, तिवरांच्या कडेची खाडी तेवढी उरली आणि तिच्यातल्या चिंबोऱ्या उरल्या. पण त्या धरायलाही कमरेइतक्या पाण्यात जाळं घेऊन उभं राहावं लागे आणि शिवाचा पाय थरथरे. माणूस घरी बसलेला असताना पाण्यात काम करील अशी काहीतरी वस्तू अंबिकाला हवी होती.

कोंडीरामने मला केलं. सळ्यांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, वरून डांबर. माझं तोंड नरसाळ्यासारखं. आत यायला सोपं, बाहेर पडायला कठीण. एका बाजूला हात घालून चिंबोऱ्या काढायला छोटी खिडकी. अंबिका मला उचलून घेणार, तेवढ्यात कोंडीरामने थांबवलं आणि गिरणीतल्या वाया गेलेल्या सुताचा पिळून केलेला दोर तिच्या हातात दिला.

"बाय, खिडकी बांधायची ती या सुतानंच. दुसऱ्या कशानं बांधू नका."

"सूत पान्यात कुजतं, दादा."

"कुजावं म्हणूनच देतोय. चाळीत पिंजऱ्यात उंदीर मेला तर वास सुटतो, चार माणसं शिव्या घालतात, मग कुणीतरी उठून पिंजरा रिकामा करतं. पाण्याखाली मेलेल्याचा वास कुणाला येणार? तुम्ही एखादा पिंजरा विसरलात, हरवलात, तर सूत कुजून खिडकी आपोआप उघडंल. आपण विसरलो तरी सूत विसरत नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा मी नवा होतो, डांबराचा वास अंगाला होता आणि मला यात विशेष काही वाटलं नाही. तरुणपणी कुणाला वाटतं?

पहिल्याच अवसेला मी चिंबोऱ्यांनी गच्च भरून वर आलो. अंबिकाने माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. शेजारच्या बायका मला बघायला आल्या. शिवाने तर मला खांद्यावर घेऊन अख्ख्या गल्लीतून मिरवलं. अधू पायाचा माणूस इतका ताठ चालताना लोकांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

मग कमलाकांत आले. हे ठाकूरद्वारचे, जुन्या घराण्यातले, शिकलेले गृहस्थ. नोकरी सोडून त्यांनी गिरगावात खाणावळ काढली होती आणि खेकड्याच्या कालवणासाठी त्यांच्याकडे माणसं ताटकळत उभी राहत.

"अंबिकाबाई, दर रविवारी मला हवेत. पण भरलेले हं. पुनवेचे पोकळ आणलेत तर गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडेल."

ही गोष्ट मुंबईत खाणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक. अवसेची चिंबोरी मांसाने भरलेली आणि पुनवेची पोकळ. ही पुनवेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कोंडीरामने आणखी पिंजरे करून दिले. घर चालायला लागलं. एकच कटकट होती. पंधरवडा झाला की सूत कुजायचं. अंबिका आठवणीने नवा दोर बांधायची, पण एखाद्या वेळी राहून जायचं. मग मी वर येताना माझी खिडकी लोंबत असायची आणि आतला माल पसार. शिवा कपाळावर हात मारून घ्यायचा.

"आपल्या हातानं धरायचं आनि आपल्याच हातानं सोडून द्यायचं," तो कुरकुरायचा.

"खाडीतच गेल्या ना त्या? परक्याच्या घरी तर नाय गेल्या," अंबिका म्हणायची.

त्या साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई पेटली होती. हरताळ पडला की गिरण्यांचे भोंगे गप्प होत. कोंडीराम मोर्च्यांना जायचा. मुंबईसह महाराष्ट्र, एवढा एकच विषय त्याच्या तोंडी. गिरणी बंद म्हणजे सूतही बंद. अंबिकाकडचा शेवटचा दोर संपला, तेव्हा शिवाने कुठूनशी तांब्याची तार आणली आणि ओटीवर बसून माझी खिडकी त्या तारेने आवळली. पिळावर पीळ दिला. पकडीने टोक दाबलं.

अंबिका बघत उभी होती. "ही तार कुजनार नाय."

"गिरनी सुरू झाली की सूत बांधू. चार दिसांपुरती हाय गो."

"आनि पिंजरा हरवला तर?"

"हरवतो कशाला? वर बोया हाय, दोरी हाय. मी काय आंधळा हाय?"

चार दिवसांपुरतं म्हणून जे घरात येतं ते सहसा जात नाही, मित्रांनो. तारेने बांधल्यापासून एकही चिंबोरी सुटली नाही. शिवाने सगळ्या पिंजऱ्यांना तार बांधली, मग स्वतःच आणखी पिंजरे केले. घरावर नवी कौलं चढली. ते बघून शेजारच्यांनीही तारेचे पिंजरे केले. दुसऱ्याचं बघून हात चालायला वेळ लागत नाही. गिरण्या सुरू झाल्यावर कोंडीराम सुताची भली मोठी लड घेऊन आला.

"शिवा, सूत आणलंय."

"ठेव खुंटीला," शिवा म्हणाला. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

कोंडीरामची नजर माझ्या खिडकीकडे गेली. तो लड खुंटीला अडकवून निघून गेला. आता मी टांगलेला असतो ती हीच खुंटी.

त्यानंतरचा जानेवारी जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि शहरात आगडोंब उसळला. लालबाग, परळ, गिरगाव, सगळीकडे गोळीबार. संचारबंदी लागली. किनाऱ्यावर जायची सोय उरली नाही. शिवा उंबऱ्यात बसून राहिला आणि आम्ही सगळे पिंजरे खाली खाडीच्या तळाशी, तारेने गच्च बांधलेले. अंबिका घरात येरझाऱ्या घालायची. "सूत असतं तर आज ना उद्या खिडक्या उघडल्या असत्या," एवढंच ती म्हणाली. हे सगळं मला मागाहून, इथे टांगल्यावर, त्या दोघांच्या बोलण्यातून कळलं.

संचारबंदी उठली. शिवाने पिंजरे वर काढले आणि नाकाला फडकं लावून ते रिकामे केले. सगळे मेलेले. पण मी वर आलोच नाही. खडकावर घासून माझी दोरी तुटली होती आणि पाण्यावर तरंगणारा खुणेचा बोया वाहून गेला होता. शिवाने माझ्यासाठी अख्खी खाडी पिंजून काढली. मी चिखलात बसलो होतो, त्याने मागून आणलेल्या लहान होडीचा तळ माझ्यावरून जाताना दिसत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

आता सांगतो ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. माझ्यात अडकलेल्या चिंबोऱ्या आधी जाळीवर चढल्या. कर्र, कर्र, त्यांच्या नांग्या तारेवर घासायच्या. मग त्या एकमेकींवर गेल्या. मग एकेक गप्प झाली. मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! मेलेल्यांच्या वासाने बाहेरच्या चिंबोऱ्या आल्या. त्यांना माझं तोंड सापडलं, कारण ते सापडावं असंच केलेलं होतं. त्या आल्या, त्यांनी मेलेलं खाल्लं, त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्या मेल्या आणि त्यांच्या वासाने आणखी आल्या. माझ्यात आमिष घालायला कुणी येत नव्हतं, मला रिकामं करायला कुणी येत नव्हतं आणि मी मात्र काम करत होतो. कुणासाठी? ना अंबिकाच्या टोपलीसाठी, ना कुणाच्या ताटासाठी. मांस संपलं की पोकळ कवच्या माझ्या तळाशी उरायच्या आणि दर भरतीला हलायच्या. खुळखुळ. मी गंजत होतो. ती तार हिरवी पडली, पण एक पीळही ढिला झाला नाही.

असे पिंजरे तळाशी आणखी होते. पावसाळ्याच्या उधाणात शेजाऱ्यांचेही तुटून आले. पाणी गढूळ, काही दिसायचं नाही, पण भरती आली की लांबून कुठूनतरी तसाच आवाज यायचा. एक इकडून, एक तिकडून. आम्ही एकमेकांना ओळखत होतो.

वर काय चाललं होतं तेही ऐका. खाडी रिकामी होत चालली. आधी मोठ्या चिंबोऱ्या दिसेनात. कमलाकांत म्हणाले, "लहान असल्या तरी चालतील, मी दोन जास्त घालीन ताटात." मग लहानही गेल्या. मग अंड्यांच्या माद्यासुद्धा कुणी सोडेना, कारण गाभोळी खाणारे वाटेल ती किंमत देत. अंबिका टोपलीचा तळ झाकण्यापुरता माल घेऊन बसायची. त्या दसऱ्याला कोंडीराम नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. परत आल्यावर तो अंबिकाला म्हणाला, "बाय, मी आता पिंजरे करत नाही. सूत मात्र मागाल तेव्हा देईन." अंबिकाची चाळीच्या तोंडाशी बसायची जागा होती, तिच्या आईपासूनची. ती जागा सोडून दादरला कुणाच्या घरी धुणीभांडी धरायची, अशी बोलणी घरात सुरू झाली. शिवा ऐकायचा आणि उठून काठी घेऊन खाडीवर जायचा.

तो मला शोधत होता. लोक म्हणायचे, शिवाला वेड लागलं, एका पिंजऱ्यासाठी कोण एवढं जिवाचं रान करतो? पण शिवा जेवता जेवता थांबायचा आणि विचारायचा, "अंबे, कसला आवाज येतो गो?" अंबिकाला काही ऐकू येत नसे. "पीळ मीच दिला होता," तो म्हणायचा, "तो कुनी सोडनार?"

दुसरा पावसाळा चालू होता. आषाढी अवस आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार, म्हणून अख्खी मुंबई त्या दिवशी मासळीवर तुटून पडली होती. त्यात अवसेची चिंबोरी. सोन्याचा भाव आणि बाजारात औषधालाही नाही. कमलाकांत सकाळीच स्वतः कोळीवाड्यात आले आणि अंबिकाबरोबर किनाऱ्यावर उभे राहिले. ओहोटीचं पाणी नेहमीपेक्षा खूप मागे सरलं होतं. शिवा गुडघाभर चिखलात काठी खुपसत चालला होता. काठी माझ्या सळीवर आपटली.

त्या आवाजाला तो जागच्या जागी खिळला. मग काठी टाकून दोन्ही हात चिखलात घातले. अधू पायावर जोर देत, पडत झडत त्याने मला खडकावर ओढून आणलं. माझ्या पोटात कवच्याच कवच्या. आणि त्यांच्यावर बसलेली एक चिंबोरी. जिवंत. एक नांगी गेलेली, पोटाखाली अंड्यांचा नारिंगी गोळा.

शिवा खिडकीची तार सोडायला बसला. पीळ सुटेना. तार बोटात घुसली, रक्त आलं, तरी तो पकडीसाठी उठला नाही. शेवटी खिडकी उघडली आणि कवच्या खडकावर सांडल्या. पांढऱ्या, हलक्या, वाऱ्याने हलणाऱ्या. अंबिकाने पुढे होऊन ढिगातली एक कवची उचलली.

कमलाकांतांची नजर मात्र त्या एकीवर होती. "जिवंत आहे? आणि गाभोळीची? शिवा, आजच्या दिवशी हिला मी म्हणशील ती किंमत देतो. मागून घे."

मित्रांनो, घरात चूल कशीबशी पेटत होती. अंबिकाच्या जागेचा प्रश्न होता. शिवाने चिंबोरी हातात घेतली आणि बायकोकडे बघितलं.

"ही इकायची नाय, शेट," शिवा म्हणाला. "माझं हिच्याकडं देनं हाय."

तो लंगडत पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिला खाली ठेवलं. ती हलली नाही. इतके दिवस जाळी होती तिथे आता काही नाही, हे तिला समजायला वेळ लागला असावा. मग ती तिरकी तिरकी निघाली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

कमलाकांत ढिगाजवळ वाकले. "हे सगळे या एकाच पिंजऱ्यातले?"

"एकातले," अंबिका म्हणाली. "खाली आनखी किती हायत ते खाडीलाच ठावं."

"ना माझ्या ताटात, ना तुमच्या टोपलीत," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

नारळी पुनवेच्या आधी कोळीवाडा एकत्र बसतो. अंबिकाने सांडलेल्या कवच्या पुन्हा माझ्यात भरल्या होत्या, त्यांच्यासकट तिने मला उचलून बैठकीच्या मधोमध आणून ठेवलं. कुजबुज झाली. ज्याच्या त्याच्या मनात आपापला हरवलेला पिंजरा आला असणार. कोणी म्हणालं, पिंजरे बंदच करा. दुसरा म्हणाला, मग पोरांना काय खडक खायला घालू?

अंबिका उभी राहिली. "पिंजरे बंद नाय करायचे. आमचं तर त्यावरच चालतं. पन खिडकी सुतानं बांधायची. अंड्यांची मादी आनि ल्हान चिंबोरी मागारी सोडायची. आनि पुनवेच्या आठवड्यात पिंजरे कोरडे. तेव्हा त्या पोकळ असतात, आपल्याला काय मिलतं त्यातून? नुस्ती शिवी."

शामराव हे वाड्यातले जाणते. ते म्हणाले, "आनि सूत कुजून माल सुटला, तर भरपाई कोन देनार?"

"सुटलेली चिंबोरी खाडीतच ऱ्हाते, शामरावदादा," अंबिका म्हणाली. "मेलेली कुठं ऱ्हाते?"

शामरावांनी माझ्याकडे, माझ्या पोटातल्या कवच्यांकडे बघितलं. कमलाकांतही येऊन बसले होते. ते म्हणाले, "पुनवेच्या रविवारी मी बोंबलाचं कालवण करीन. गिऱ्हाईक थोडं कुरकुरेल, पण टिकेल. खाडी नाही टिकली तर मी तरी काय शिजवू?"

सगळ्यांनी लगेच ऐकलं असं मुळीच नाही. चोरून तार बांधणारे होते, आजही असतील. पण शिवाने आणि इतरांनी ओहोटी साधून तळाचे पिंजरे ओढून काढले, सापडले तेवढे. कोंडीरामच्या सुताच्या लडी माझ्याच अंगावर टांगल्या जाऊ लागल्या. पिंजरा टाकायला जाणारा प्रत्येक जण आधी माझ्यापाशी येतो आणि दोर तोडून नेतो. चिंबोऱ्या परतल्या, पण हळूहळू, रुसलेल्या माणसासारख्या. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी चाळीत दिवे लागले होते. कोंडीरामने सगळ्यांना पेढे वाटले. अंबिका आपल्या जुन्या जागी बसली होती आणि तिची टोपली अर्धी भरलेली होती. पूर्वीसारखी काठोकाठ नाही. अर्धी. तिने तेवढ्यावर समाधान मानलं आणि शिवानेही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. पोटासाठी पिंजरे टाका, कोण नको म्हणतो? पण ज्याला कोंडता त्याच्यासाठी खिडकी कुजणाऱ्या दोराने बांधत चला. तुम्ही आजारी पडाल, गावात दंगल होईल, दोरी तुटेल, तुम्ही विसराल. तेव्हा सुताने आठवण ठेवली पाहिजे. आणि पाण्याखालचा वास तुमच्यापर्यंत येत नाही म्हणून तिथे कोणी मरत नाही, असं समजू नका.

मला शिवाने पुन्हा पाण्यात टाकलं नाही. माझ्यातल्या कवच्या त्याने त्याच बैठकीनंतर समुद्रात सोडल्या, एकही ठेवली नाही. तरी भरती चढली की मी वाजतो. शेजारी म्हणतात, वारा आहे. पण वारा पडलेला असतानाही मी वाजतो. तेव्हा शिवा हातातला घास ताटात ठेवतो, लंगडत ओटीवर येतो आणि माझी खिडकी उघडीच आहे ना, ते हात घालून बघतो.